ठरलेल्या रकमेतील तीन मोटारी

वाचकहो, या सदरात आजवर आपण घराची खरेदी, भागीदारीचे करारपत्र, विमा आणि वाटणी अशा विषयांचा विचार केला. आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ वाचक चष्मा पुसून पुन्हा शीर्षक वाचतील. विषय आहे वापरलेली स्पोर्ट्स कार कशी निवडावी. गेल्या वर्षी आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवताना खरेदीच्या व्यवहाराविषयी तसेच स्वतःविषयीही मला काही गोष्टी नव्याने कळल्या. त्या आपणापुढे ठेवतो.

आमचे दुकान मुंबईत नागदेवी रस्त्यावर आहे. बेअरिंगे, पट्टे आणि पुल्या यांचा व्यापार. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून तो सांभाळला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी धाकट्याने गल्ल्यावरून उठण्याचे ठरवले आणि मांडव्याजवळ घेतलेल्या छोट्या घरात राहावयास जाण्याची तयारी सुरू केली. हिशेब झाला, हिस्से ठरले. भावजयीच्या नावची रक्कम, औषधोपचाराची रक्कम, मुलीच्या बाळंतपणाची रक्कम असे सर्व वेगळे काढल्यावर तो म्हणाला, "दादा, वीस लाख मी माझ्यासाठी ठेवतो. त्यातून मला एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. जुनी चालेल. वीस लाखांवर एक रुपया जाणार नाही."

घरात शांतता पसरली. त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" मी काही बोललो नाही, पण माझ्याही मनात तेच होते.

मांडवा हे नाव महाराष्ट्राबाहेर अनेकांना 'अग्निपथ' चित्रपटामुळे ठाऊक झाले. आपणा मुंबईकर व्यापाऱ्यांना मात्र ते गेटवेहून सुटणाऱ्या बोटींमुळे ठाऊक. पूर्वी मोटार घेऊन तेथे जायचे तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटार बोटीत चढवून साधारण तासाभरात पलीकडे उतरणे शक्य झाले. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात, तेव्हाही हवामान अनुकूल असेल तर ही मोठी बोट चालते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाल्याने रस्त्याचा मार्गही सोपा झाला. परिणामी मांडवा, झिराड, चोंढी, किहीम या पट्ट्यात शनिवार-रविवारी देखण्या मोटारी दिसू लागल्या. त्यांतील काही दोन-तीन वर्षांत विक्रीस निघतात. धाकट्याची नजर त्यांवर होती.

आमच्यापुढे तीन मोटारी आल्या. पहिली बीएमडब्ल्यू झेड-४, २०१२ ची. दोन आसनांची, ॲल्युमिनियमचे छत घडी होऊन मागे जाते अशी. मागितलेली किंमत १९ लाख २५ हजार. दुसरी ऑडी टीटी, २०१३ ची. बंद छताची, पुढे दोन खरी आसने आणि मागे मुलांपुरती दोन. किंमत १५ लाख ५० हजार. तिसरी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, २०१८ ची. २३० अश्वशक्तीची, पण पाच माणसांची आणि ५९० लिटरच्या डिकीची. किंमत १८ लाख ७५ हजार. ही तिसरी मोटार पुतण्याने सुचवली होती. "काका, वेग तोच, आणि घरातले सगळे बसतील," हे त्याचे म्हणणे.

आपण व्यापारी माणसे. मालाची किंमत आणि माल दुकानात येईपर्यंतची किंमत यांतील फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. परंतु मोटार घेताना आपण तो हटकून विसरतो. वीस लाखांची मर्यादा असेल तर वीस लाखांची मोटार घेता येत नाही. जुन्या, आयात केलेल्या मोटारीसाठी मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास सौदा तुटावा आणि उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहावी, असा नियम आम्ही प्रथमच लिहून काढला. मोटारीची विक्रीकिंमत दरवर्षी उतरते, पण सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पन्नास लाखांची मोटार पंधरा लाखांना मिळाली तरी तिचा दिवा, तिचे ब्रेक आणि तिचा गिअरबॉक्स हे पन्नास लाखांच्या मोटारीचेच असतात.

पहिली झेड-४ आम्ही झिराडजवळच्या एका बंगल्यात पाहिली. रंग चकचकीत, केवळ २४ हजार किलोमीटर चाललेली. धाकट्याचा चेहरा खुलला. मी मात्र सवयीने वाकून खाली पाहिले. माझे आयुष्य लोखंड आणि ग्रीस यांत गेले आहे. गंज कोठे लपतो हे मला ठाऊक आहे. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, बोल्टांची डोकी, एक्झॉस्टचे जोड हे सर्व तांबूस झाले होते. मोटार दोन पावसाळे प्लास्टिकच्या आच्छादनाखाली उभी होती. समुद्रकाठी असे आच्छादन अपायच करते, कारण खारी ओल आत कोंडून राहते. छत उघडण्यास सांगितले, तेव्हा ते निम्म्यावर येऊन थांबले. त्या छताला हायड्रॉलिक पंप, नळ्या आणि अनेक संवेदक असतात; कोकणच्या दमट हवेत वापराविना पडून राहिले की तेच प्रथम रुसते. कमी चाललेली मोटार म्हणजे चांगली मोटार, हा समज आम्ही त्याच दिवशी सोडला. उभी राहिलेली मोटार चाललेल्या मोटारीहून अधिक झिजलेली असू शकते.

त्यानंतर दलालाने आम्हाला बाजूला घेतले. "साडेसतरापर्यंत करून देतो, पण पाच लाख रोख, कागदावर साडेबारा." वाचकहो, असे बोलणे आपल्या कानांस नवे नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारणाऱ्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचेही नुकसान असते. उद्या मोटारीत दोष निघाला आणि सौदा मोडायची वेळ आली, तर कागदावर दिलेली रक्कम तेवढीच सिद्ध होते. धाकटा क्षणभर रेंगाळला. मग म्हणाला, "दादा, चल. तीस वर्षे पक्क्या बिलावर धंदा केला, आता मोटारीसाठी कच्चे बिल नको." मला त्याचा अभिमान वाटला, पण परतीच्या बोटीत तो कठड्याशी एकटाच उभा राहिला, तेही मी पाहिले.

त्या परतीच्या प्रवासात मला एक जुनी गोष्ट आठवली. सुमारे १९९८ साली सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची लहानशी दोन आसनी उघडी मोटार बनवली होती. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन. आजच्या मानाने शक्ती अगदीच बेताची. पण दिसायला खेळण्यासारखी सुंदर. धाकटा तेव्हा बत्तिशीत होता. वर्तमानपत्रातील तिचे चित्र कापून त्याने खतावणीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवले होते. एका संध्याकाळी त्याने मला विचारले, "दादा, हप्त्यावर घेऊ का?" मी वर न पाहता म्हणालो, "दोन माणसांची मोटार दुकानाच्या काय कामाची?" त्या वर्षी आम्ही मालवाहू टेम्पो घेतला. टेम्पोची गरज होती, त्यात शंका नाही. परंतु त्याने पुन्हा कधी स्वतःसाठी काही मागितले नाही, आणि मलाही ते सव्वीस वर्षांत एकदाही जाणवले नाही. पुतण्याचे "घरातले सगळे बसतील" हे वाक्य आणि माझे ते जुने वाक्य, दोन्हींचे वजन मला त्या बोटीत एकच वाटले.

तरीही भावनेने मोटार तपासता येत नाही. उरलेल्या दोन मोटारींसाठी आम्ही रीतसर पद्धत ठरवली. ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून क्रमाने देतो.

प्रथम कागद. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर अथवा ॲपवर क्रमांक टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे काय, विमा आणि पीयूसीची मुदत केव्हापर्यंत, दंडाची चलने थकीत आहेत काय हे पाहावे. बोजा असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंद करावयाची असते. परराज्यातील मोटार स्वस्त दिसते. परंतु ती महाराष्ट्रात कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत येथील नोंदणी आणि येथील कर भरणे आले. पेट्रोल मोटारीच्या प्रथम नोंदणीस आपल्याकडे किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर आहे, हे ध्यानात घेतले तर दिल्लीची 'स्वस्त' मोटार बहुधा स्वस्त राहत नाही.

दुसरे, मोटारीचे वय. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून हे नूतनीकरण साध्या मोटारीस ५ हजार, तर आयात केलेल्या चारचाकीस ४० हजार रुपये शुल्काचे झाले. झेड-४ आणि टीटी या दोन्ही आयात मोटारी. २०१३ च्या टीटीस २०२८ मध्ये ही पायरी येणार, ती रक्कम आजच हिशेबात धरावी.

तिसरे, शरीर. रंगाची जाडी मोजण्याचे लहान यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दरवाजावर आकडा एकदम दुपटीवर गेला तर तो भाग पुन्हा रंगवला आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर वेगवान मोटारीस नकोत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. शेवटच्या टोकास मातीची रेघ दिसली तर मोटार पाण्यात बुडालेली आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूण येथे असंख्य वाहने बुडाली. अशी वाहने धुऊन-पुसून बाजारात येतात, म्हणून ही तपासणी कोकणात तरी टाळू नये.

चौथे, यंत्र. मोटार थंड असताना सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. संगणक जोडून दोषसंकेत वाचावेत. किलोमीटरचा आकडा कित्येक मोटारींत एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेला असतो. डॅशबोर्डवरील आकडा आणि आतील नोंद जुळते का, हे पाहावे. टीटी आणि ऑक्टेव्हिया आरएस या दोन्हींत तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचचा सहा गिअरांचा बॉक्स आहे. त्याचे तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. बदलल्याचे बिल नसेल तर बदललेच नाही असे समजून किंमत ठरवावी. एप्रिल २०२३ पूर्वीच्या मोटारी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या असतीलच असे नाही, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

या कसोटीवर ऑक्टेव्हिया उत्तम उतरली. एकच मालक, सर्व बिले जोडलेली, संगणकात एकही दोष नाही. ऑक्टेव्हिया आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे जुळवली जात असे. त्यामुळे तिचे कित्येक भाग आणि तिची ओळख असलेले मिस्त्री सहज मिळतात. मी येथे प्रांजळपणे लिहितो की एकच मोटार ठेवणाऱ्या कुटुंबाने, शाळकरी मुले आणि वृद्ध आई-वडील घरी असताना, या तिघींतून ऑक्टेव्हियाच घ्यावी. त्यात दुसरा विचार नको.

पण आमच्या घरात पाच माणसांची मोटार आधीच होती. ऑक्टेव्हिया पावणेएकोणीस लाखांखाली उतरत नव्हती, म्हणजे हाती सव्वा लाखच उरत होता. टीटीच्या बॉडीचा पुढचा बहुतांश भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा पोलादाचा आहे; म्हणून मी मागच्या बाजूचे जोड तासभर टॉर्च लावून पाहिले. मोटार ठाण्यात, बंद गॅरेजमध्ये वाढलेली होती, गंज नव्हता. किलोमीटर ५८ हजार, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा खर्च दाराशीच उभा. टायर जुने. हे दोन्ही मुद्दे मांडून सौदा १४ लाख ६० हजारांवर ठरला, संपूर्ण बँकेतून.

एक प्रश्न भावजयीने काढला. आसने कातड्याची होती. "नवे कातडे आपण विकत घेत नाही, जुने आहे तेच वापरतो," हा माझा युक्तिवाद तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "दादा, बसायचे मला आहे ना?" आसने कापडाची करावयाची ठरली. येथे एक सावधगिरी सांगतो. पुष्कळ मोटारींत आसनाच्या बाहेरील कडेत एअरबॅग असते. वरून घट्ट खोळ चढवली तर अपघातात ती फुगू शकत नाही. काम करणाऱ्यास हे ठाऊक असले पाहिजे आणि ती शिवण तशीच सुटण्याजोगी राहिली पाहिजे. स्टिअरिंगच्या आवरणाचाही विचार याच वेळी करावा.

शेवटचा हिशेब असा झाला. मोटार १४ लाख ६० हजार. हस्तांतरण आणि विमा ७५ हजार. चार टायर ९० हजार. गिअरबॉक्सचे तेल, ब्रेक, बॅटरी आणि इतर दुरुस्ती १ लाख ३५ हजार. आसने ६० हजार. एकूण १८ लाख २० हजार. उरलेले १ लाख ८० हजार वेगळ्या खात्यात, केवळ मोटारीसाठी. विक्रेत्याचा 'नो क्लेम बोनस' मोटारीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. आणि पाच वर्षांहून जुन्या मोटारीचे विमामूल्य कंपनी व ग्राहक यांनी संमतीने ठरवायचे असते. हे दोन्ही मुद्दे विमा घेताना धाकट्याने स्वतः विचारले. तसेच नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, खासगी मालकाकडून घेतल्यास नसतो. मोटार दुकानाच्या नावावर घ्यावी काय, असे पुतण्याने विचारले. अशा प्रवासी मोटारीवरील कराचे क्रेडिट आपल्या धंद्यात मिळत नाही. आणि जी मोटार दुकानाच्या कामाची नाही ती दुकानाच्या वहीत घालणे योग्यही नाही. ती त्याच्याच नावावर झाली.

मे महिन्याच्या एका सकाळी आम्ही दोघे भाऊच्या धक्क्यावरून ती घेऊन निघालो. बोटीच्या उतारावर चढताना धाकट्याने मोटार किंचित तिरकी, मुंगीच्या पावलाने घेतली. भरती-ओहोटीप्रमाणे त्या उताराचा कोन बदलतो आणि ठेंगण्या मोटारीचे पोट घासण्याची भीती असते. मांडव्यास उतरून आम्ही अलिबागच्या दिशेने लागलो. रस्ता अरुंद, नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच गतिरोधक, मध्येच गाय. ताशी पन्नासच्या वर काटा फारसा गेला नाही. मी विचारले, "अरे, एवढी शक्ती आणि हा वेग?" तो म्हणाला, "दादा, वेगासाठी कुठे घेतली? वळण घेताना हातात कळते, ते हवे होते."

चोंढीपाशी चहासाठी थांबलो, तेव्हा मी सॅन स्टॉर्मचा विषय काढला आणि त्या संध्याकाळबद्दल त्याची क्षमा मागितली. त्याला ती गोष्ट आठवत होती. तो हसून म्हणाला, "टेम्पो बरोबरच होता. तू मान वर करून सांगितले असतेस, तर मीही हो म्हटले असते." मग त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. परतीचे अंतर मी चालवले, ताशी चाळीसने.

आता दर वेळी बोटीतून उतरल्यावर तो मोटारीचे पोट गोड्या पाण्याने धुतो, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती चालवतो आणि आच्छादन न घालता हवेशीर पडवीत ठेवतो. खर्चाची वही ठेवली आहे. पहिल्या सहा महिन्यांत राखीव रकमेतून २२ हजार गेले.

वाचकहो, आपल्या घरातही वर्षानुवर्षे गल्ल्यावर बसलेले कुणी असेल, ज्याने स्वतःसाठी काही मागितल्याचे आपल्याला आठवत नाही. मोटारच असेल असे नाही. वाटणीचा वा निवृत्तीचा हिशेब मांडताना त्याला एकदा मान वर करून विचारावे. रक्कम आधी ठरवावी, खर्च पूर्ण लिहावा, व्यवहार पक्का करावा. आणि त्या मर्यादेत त्याची निवड त्यालाच करू द्यावी.